थीसिसमधले 11 पेशंट फॉलोअपला आलेच नाहीत, मास्टर चार्टमधून (सगळ्या पेशंटच्या मुख्य तक्त्यातून) काढून टाकू का?

पीजी_विदर्भ

नमस्कार सगळ्यांना. मी एमडीएस सेकंड इयरला आहे, ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी, कॉलेज विदर्भातलं आहे. थीसिस ओएसएमएफवर आहे म्हणजे सबम्युकस फायब्रोसिस, ज्यात सुपारी आणि खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना घोटलेलं मिश्रण) खाऊन खाऊन गालाचं आतलं अस्तर कडक होतं आणि तोंड उघडेनासं होतं. 60 पेशंट घेतले, 30 जणांना तोंड उघडायचा व्यायाम अधिक लायकोपिनची (टोमॅटोतल्या लाल रंगद्रव्याची) कॅप्सूल, आणि 30 जणांना फक्त व्यायाम, आइस्क्रीमच्या काड्यांचा. सुरुवातीला, पहिल्या महिन्यात, तिसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात व्हर्नियर कॅलिपरने तोंड किती उघडतंय ते मोजायचं, एवढा साधा स्टडी आहे.

आता प्रॉब्लेम असा झालाय की 11 पेशंट मधूनच यायचे बंद झाले. काहींचे फोन लागत नाहीत, काही म्हणतात येतो येतो आणि येत नाहीत. डिसर्टेशन सबमिट करायला फार वेळ नाहीये आणि प्रत्येकजण वेगळं सांगतोय. एक सीनियर म्हणाले काढून टाक, 49 वर अॅनालिसिस कर, कोण बघतंय. दुसरे म्हणाले त्यांचं शेवटचं जे रीडिंग आहे तेच सहाव्या महिन्याच्या कॉलममध्ये टाक, सगळे असंच करतात. तिसरी मैत्रीण म्हणते 11 नवीन पेशंट घे आणि आकडा पूर्ण कर. मला तिन्हीतलं काहीच पटत नाहीये पण नक्की चुकीचं काय आहे ते मला मांडता येत नाहीये, आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कोणी विचारलं तर मी काय सांगणार.

अजून एक. मी सुट्टीवर होतो तेव्हा माझ्या को-पीजीने (बरोबरच्या एमडीएसच्या मुलीने) काही पेशंट मोजले. नंतर सहज म्हणून एकाच पेशंटला दोघांनी मोजलं तर मला 24 आलं आणि तिला 28. चार मिलिमीटरचा फरक! तेव्हापासून झोप उडालीय खरं सांगतो. कारण माझ्या सगळ्या स्टडीचा रिझल्टच चार-पाच मिमीच्या आसपास येईल असं वाटतंय.

ज्यांनी थीसिस नुसती उरकलेली नाही, मनापासून केलीय, त्यांनी प्लीज सांगा.


आकडेमोड_ताई

मी एका मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) डिपार्टमेंटमध्ये स्टॅटिस्टिशियन आहे, दर वर्षी पन्नासेक थीसिस माझ्या टेबलावरून जातात त्यामुळे हा प्रश्न मला पाठ आहे. आधी मला एक सांग, 11 पैकी कुठल्या ग्रुपचे किती? हे तू लिहिलंच नाहीस आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.


पीजी_विदर्भ

ताई, आत्ता बघितलं. कॅप्सूल ग्रुपमधले 3, फक्त व्यायामवाले 8.


आकडेमोड_ताई

मला हीच शंका होती. आता नीट वाच, थोडं लांब होईल.

समजा तुझ्या पेशंटमध्ये तोंड उघडण्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, 6 मिमी आहे. तुला दोन ग्रुपमध्ये 4 मिमीचा फरक पकडायचा असेल, पॉवर (खरा फरक असला तर तो सापडायची शक्यता) 80 टक्के आणि अल्फा (नसलेला फरक आहे असं वाटायची शक्यता) 0.05 धरून, तर प्रत्येक ग्रुपमध्ये 36 लागतात. तुझे 30-30 होते, म्हणजे तू सुरुवातीपासूनच साधारण 4.3 मिमीच्या वरचा फरक पकडू शकणार होतास. आता 27 आणि 22 राहिले तर हाच आकडा 4.8 च्या आसपास जातो. अर्ध्या मिलिमीटरचं नुकसान झालं. म्हणजे "संख्या कमी झाली" या गोष्टीची सगळे जी काळजी करतात ती इथे फार मोठी नाहीच, आणि म्हणूनच 11 नवीन पेशंट घेऊन काही साधत नाही. नवीन घेतलेले पेशंट हे गेलेल्यांच्या जागी बसत नाहीत, कारण जे गेले ते का गेले हे तुला माहीत नाही आणि नवीन येणारे जातील ते परत त्याच कारणाने जातील.

खरी अडचण 8 आणि 3 मध्ये आहे. ज्याला कॅप्सूल मिळाली त्याला वाटतं आपल्यावर काहीतरी औषधोपचार चालू आहेत, तो येत राहतो. ज्याला काड्या दिल्या त्याला वाटतं एवढ्यासाठी काय तालुक्याहून यायचं. आता त्या 22 मध्ये कोण उरले? एक तर अतिशय चिकाटीचे, रोज व्यायाम करणारे, किंवा ज्यांना फरक पडतोय असं दिसलं ते. मग व्यायामाचा ग्रुप आहे त्यापेक्षा चांगला दिसेल. किंवा उलटं असेल, ज्यांना बरं वाटलं ते कामाला लागले आणि आले नाहीत, आणि त्रास असलेलेच येत राहिले, मग तो ग्रुप आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. कुठल्या दिशेला झुकलंय हे 49 जणांचा चार्ट कितीही वेळा एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्ये टाकलास तरी तुला कळणार नाही. ते फक्त त्या 11 जणांना माहीत आहे.

शेवटचं रीडिंग पुढे ओढायचं जे सांगितलं ते तर तुझ्या आजारात फारच वाईट. हा आजार जागेवर थांबणारा नाही. खर्रा चालू राहिला तर सहा महिन्यांत तोंड अजून बंद होईल, म्हणजे पहिल्या महिन्याचं 27 सहाव्या महिन्यात लिहिलंस तर तू त्याला कागदावर बरा केलास.

मी काय करायला सांगते: सगळे 60 ज्या ग्रुपमध्ये टाकले होते त्याच ग्रुपमध्ये मोज, याला इंटेन्शन टू ट्रीट म्हणतात. थीसिसमध्ये फ्लो डायग्राम काढ, किती घेतले, किती गेले, कधी गेले, का गेले, ट्रायल कशी मांडायची त्याचे जे कॉन्सॉर्ट नियम आहेत त्यात जसा असतो तसा. मग गेलेल्यांसाठी वाईटात वाईट धरून एकदा आणि चांगल्यात चांगलं धरून एकदा अॅनालिसिस कर. दोन्हीकडे निष्कर्ष तोच राहिला तर छातीठोकपणे लिही. बदलला तर तेही लिही. "फक्त व्यायाम दिलेल्यांपैकी 8 जण परत आले नाहीत" हा स्वतःच एक रिझल्ट आहे रे, उद्या कोणी असा स्टडी डिझाइन करेल त्याला लायकोपिनच्या आकड्यापेक्षा हे जास्त कामाला येईल.

आणि हो, सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, रजिस्टर केलंय ना? 2018 च्या एप्रिलपासून तिथे पेशंट घ्यायच्या आधीच रजिस्टर करावं लागतं. तिथे तू 60 लिहिले असणार आणि ते पान जगात कोणीही उघडून बघू शकतं. "कोण बघतंय" म्हणणाऱ्या सीनियरना हे दाखव. चार्टमधून नाव काढल्याने माणूस स्टडीतून जात नाही.


जबडा_सर्जन

ताईंनी आकड्यांचं सगळं सांगितलंय, मी क्लिनिकल बाजूने बोलतो. मी ओरल सर्जन आहे, ओएसएमएफचे पेशंट माझ्याकडे शेवटच्या टप्प्यात येतात.

मित्रा, ते 11 जण तुझ्यासाठी डेटा असतील पण आधी ते पेशंट आहेत. एर्नाकुलममध्ये ओएसएमएफच्या 66 पेशंटना घरोघरी जाऊन 17 वर्षं बघत राहिले होते, मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये ते छापलं, आणि त्या 66 पैकी 5 जणांना कॅन्सर झाला, म्हणजे 7.6 टक्के. आजही आपण प्रत्येक सेमिनारमध्ये हा 7.6 सांगतो. फक्त 66 पेशंट! पण 17 वर्षं सोडले नाहीत म्हणून त्या आकड्याला वजन आहे. त्यांनी जर न आलेले पेशंट काढून टाकले असते तर कॅन्सर झालेले बहुतेक त्यातच गेले असते, कारण ज्याचं दुखणं वाढतं तो आधी गावात इलाज शोधतो, मग मोठ्या हॉस्पिटलला जातो, आपल्या ओपीडीत तो परत येतोच असं नाही.

दुसरं उदाहरण मुंबईचं आहे. टाटा मेमोरियलला डॉ. अनिल डिक्रूझ यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर ट्रायल केली, मानेत गाठ हाताला लागत नसतानाही मानेचं ऑपरेशन तेव्हाच करायचं की गाठ दिसली तर नंतर करायचं. आमच्या फील्डमध्ये यावर वर्षानुवर्षं नुसते वाद चालले होते, प्रत्येक सर्जनचं आपलं मत. 2004 ला पेशंट घ्यायला सुरुवात केली, 2015 ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये 500 पेशंटचा रिझल्ट आला, तीन वर्षांनी जिवंत असलेले, ऑपरेशन तेव्हाच केलेल्यांत 80 टक्के आणि थांबलेल्यांत 67.5 टक्के. वाद मिटला. आज मी माझ्या पेशंटच्या नातेवाइकांना समोर बसवून हा आकडा सांगतो आणि ऑपरेशनला होकार घेतो. आता विचार कर, दुसऱ्या ग्रुपमध्ये मान नीट तपासायला पेशंट परत आलेच नसते तर त्या ट्रायलचा काही अर्थच उरला नसता. सगळी भिस्त फॉलोअपवर होती.

त्यामुळे फोन कर. फोन लागत नसेल तर केसपेपरवर नातेवाइकाचा नंबर असतो तो लाव, आशाताईंना विचार. फक्त एक लक्षात ठेव, कन्सेंट फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं की कधीही कारण न देता बाहेर पडता येईल, त्यामुळे दबाव नाही टाकायचा, "का आला नाहीत" अशा सुरात नाही विचारायचं. "तब्येत कशी आहे" असं विचारायचं. आणि घरी जाऊन मोजणार असशील तर आधी एथिक्स कमिटीला कळव, प्रोटोकॉलमध्ये ते नव्हतं ना.

बाकी 24 आणि 28 चं म्हणशील तर हे फार महत्त्वाचं आहे आणि तू स्वतःहून तपासलंस याबद्दल मला खरंच बरं वाटलं. तोंड किती उघडतं त्यावरून आजाराचे टप्पे पाडणाऱ्या खन्ना-अंद्राडे क्लासिफिकेशनमध्ये 26 ते 35 मिमी म्हणजे ग्रुप दोन आणि 15 ते 25 म्हणजे ग्रुप तीन. म्हणजे तुझा पेशंट तिसऱ्यात आणि तिचा तोच पेशंट दुसऱ्यात! बहुतेक एकाने पहिल्या प्रयत्नाला मोजलं असणार आणि दुसऱ्याने तीन-चारदा उघडायला लावल्यावर. कडक झालेलं अस्तर दोन-चार वेळा ताणलं की थोडं सैल पडतं, पहिलं रीडिंग नेहमी कमी येतं. पाठ टेकून, डोकं टेकून बसवायचं, वरच्या सेंट्रल इन्सायझरच्या (समोरच्या मधल्या दाताच्या) मधल्या रेषेकडच्या टोकापासून खालच्याच्या तशाच टोकापर्यंत, दुखेपर्यंत उघडायला सांगायचं, तीन रीडिंग घ्यायची आणि त्यातलं कुठलं धरायचं ते आधी ठरवून ठेवायचं. आणि खर्रा खाणाऱ्यांचे दात किती झिजलेले असतात ते तू बघतोसच, शिवाय माझ्या एका पीजीच्या पेशंटचा मधल्या काळात वरचा दात पडला आणि नवीन माणसाने हिरडीपासून मोजलं, आकडा एकदम आठ मिमीने वाढला आणि आम्ही दोन दिवस खूश होतो की औषध काय लागू पडलंय!

आता तुम्ही दोघं बसा, 10 पेशंट घ्या, एकमेकांचं रीडिंग न बघता मोजा आणि ताईंकडून आयसीसी (दोघांची मापं किती जुळतात तो आकडा) काढून घ्या. मोजणाऱ्याला ग्रुप कुठला ते माहीत नसेल तर अजून चांगलं. आधी केलं नव्हतं तर आता केलं असं लिहा.


ब्लॉकवाला

मी 28 वर्षं हिस्टोपॅथ लॅबमध्ये (जिथे बायोप्सीचे तुकडे तपासतात) टेक्निशियन होतो आता रिटायर आहे. इथे बायोप्सीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बाळा तुझ्या स्टडीत बायोप्सी असेलच निदानासाठी.

दोन गोष्टी डोळ्यांनी बघितलेल्या सांगतो. एकदा कुठल्याशा ओपीडीतून चार डब्या आल्या, फॉर्मलिन बरोबर, फॉर्म बरोबर, पण नावं फक्त झाकणावर लिहिलेली. तपासायला घेताना दोन झाकणं शेजारी शेजारी काढून ठेवली होती. कुठलं झाकण कुठल्या डबीचं? एका पेशंटला डिसप्लेझिया (कॅन्सरकडे झुकू शकणारा पेशींमधला बदल) होता आणि एकाला नव्हता. दोघांना परत बोलवून परत बायोप्सी घ्यावी लागली, त्यातल्या एकाचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, त्याला परत सुई टोचताना मी उभा होतो. तेव्हापासून जो पीजी येईल त्याला मी पहिलं हेच सांगायचो की नाव डबीच्या अंगावर लिही, झाकणावर नाही. आणि स्लाइडवर पेन्सिलीनेच लिहायचं, पेनाची शाई झायलीनमध्ये (स्लाइड बनवताना वापरतात त्या द्रवात) धुऊन निघते, पेन्सिल राहते.

दुसरं म्हणजे गालाचा तुकडा छोटा असतो, फॉर्मलिनमध्ये टाकला की गुंडाळतो. मग ब्लॉक (तुकडा मेणात बसवलेला ठोकळा) बनवताना आम्हाला कळत नाही वर कुठलं खाली कुठलं, आडवा कापला जातो आणि अस्तर खोटं खोटं जाड दिसतं. ओएसएमएफमध्ये तर अस्तर पातळ झालंय का हेच बघायचं असतं! तुकडा काढला की कागदाच्या छोट्या चौकोनावर सरळ पसरवायचा, मिनिटभर चिकटू द्यायचा आणि कागदासकट 10 टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये सोडायचा, फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट पाहिजे. मॅसन ट्रायक्रोम नावाचं रंगवणं केलंत तर कोलॅजन (कडकपणा आणणारे तंतू) निळं दिसतं, जुन्या ओएसएमएफमध्ये सगळं निळंशार, एकसंध, त्यात रक्तवाहिन्या दबलेल्या. मला ते दिसलं की त्या माणसाच्या जेवणाची आठवण यायची, की हा भाकरीचा घास कसा घेत असेल.

ब्लॉक जपून ठेव. पेशंट गेला तरी ब्लॉक राहतो, दहा वर्षांनी पण परत कापता येतो.


रायगडचा_डॉक्टर

चांगला धागा आहे म्हणून लिहायचा मोह होतोय. ज्यांना वाटतं की छोट्या जागी, छोट्या संख्येवर केलेल्या कामाला काही किंमत नसते त्यांच्यासाठी आमच्या महाडचं उदाहरण. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या पीएचसीला आले तेव्हा कोकणात लाल विंचू चावला की माणूस दगावणं हे लोकांनी जवळजवळ मान्य केलेलं होतं. घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. बावस्करांनी काय केलं तर प्रत्येक पेशंटपाशी बसून राहिले आणि तासातासाला काय होतंय ते लिहीत गेले. लिहिता लिहिताच लक्षात आलं की हा सगळा खेळ रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अल्फा रिसेप्टरचा आहे, आणि मग ब्लडप्रेशरसाठी असलेली प्राझोसिनची साधी गोळी वापरली, 1986 मध्ये लॅन्सेटला छापून आलं. आज विंचू चावल्यावर ही गोळी द्यायची हे शिकाऊ डॉक्टरलाही माहीत असतं.

पण मला सांगायचंय ते 2011 च्या बीएमजेमधल्या ट्रायलबद्दल. प्रश्न असा होता की प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, दिली तर अजून लवकर बरं वाटतं का. पेशंट किती? 70. एकेका ग्रुपमध्ये 35, म्हणजे जवळजवळ या मुलाच्या स्टडीएवढेच! लस अधिक गोळीवाले सरासरी 8 तासांत बरे झाले आणि नुसत्या गोळीवाले 17.7 तासांत. एवढा मोठा फरक असला की 35 पुरतात. आणि पेशंट डोळ्यासमोर कॉटवर, कोणी निसटून जायचा प्रश्नच नाही.

या मुलाचं काम एका अर्थाने जास्त अवघड आहे, कारण त्याचा पेशंट सहा महिने आपापल्या गावी असतो, त्याच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असते, आणि फरक चार-पाच मिमीचा. गुटखाबंदी 2012 ला झाली आपल्याकडे, पण खर्रा तर पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. तेव्हा माझा प्रश्न, तू प्रत्येक व्हिजिटला खर्रा चालू आहे की बंद हे लिहून घेतलंस का? ते नसेल तर कॅप्सूलने काय झालं आणि खर्रा सोडल्याने काय झालं हे कसं वेगळं करणार?


पीजी_विदर्भ

सर, लिहिलंय पण फक्त पहिल्या दिवशी आणि सहाव्या महिन्यात. मधल्या व्हिजिटचं नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.


बिनगोळीवाला

राम राम. मी डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी आहो. माह्या पुतण्या डेंटलले शिकते, त्यानं हे दाखवलं अन् म्हणे काका तुमी लिहा. त्यानंच टाइप करून देल्लं.

मी अशाच एका अभ्यासातला पळून गेलेला पेशंट आहो. कॉलेजचं नाव सांगत नाही, लोकं चांगले होते बिचारे. मले खर्ऱ्यानं तोंड उघडत नव्हतं, तिखट खाल्लं का आगीवानी भाजे, पोळी चुरून दुधात खाओ. तिथं दोन भाग केलते आमचे, काही गोळीवाले अन् काही बिनगोळीवाले. मी बिनगोळीवाला. मले आइस्क्रीमच्या काड्या देल्ल्या, म्हणे दाताच्या मंधात ठेवा अन् दर हप्त्याले एक वाढवा.

आता काहून गेलो नाही ते सांगतो. एसटीनं जायाले तीन तास, यायाले तीन तास. रोजी बुडे. लाइनीत बसलो का नंबर लागे बारा वाजता. मंग ते स्टीलचं लावत, एकजण आकडा बोले, एकजण लिहे, अन् मले म्हणत झालं काका, पुढच्या महिन्यात या. पाच मिनिटं. मी एकदा इचारलं का मॅडम वाढलं का कमी झालं, तर म्हणे ते आता सांगता येत नाही. मले वाटलं माह्यंच तोंड अन् मलेच सांगता येत नाही. मंग सोयाबीन कापणीले आलं अन् मी गेलोच नाही. फोन आलता दोनदा, मी उचलला नाही, लाज वाटे का आता काय सांगाव.

पण काड्या सोडल्या नाही मी. सुरवातीले नऊ काड्या जात होत्या. खर्रा सोडला, पहिले दोन महिने लय जड गेलं, मंग बडीशेप धरली. आता चौदा काड्या जातात. भाकर खातो. ठेचा नाही खाता येत अजून पण वरण-भाकर बिनचूक.

तर माह्यं म्हणणं एवढंच आहे भाऊ का तुमी मले काढून टाकलं असन तर तुमच्या कागदावर मी नाहीच. अन् मी तर बरा झालो.


आकडेमोड_ताई

काका, तुम्ही जे लिहिलंत ते मी माझ्या पीजींना वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी धरून चालते.

बघ रे, काड्या साधारण दोन मिमी जाडीच्या असतात. नऊच्या चौदा म्हणजे अंदाजे दहा मिमी वाढलं. फक्त व्यायाम आणि खर्रा बंद. आणि हा पेशंट त्या स्टडीत "लॉस्ट टू फॉलोअप" म्हणून बसला असेल, फक्त व्यायामवाल्या ग्रुपमध्ये. तुझे पण 8 त्याच ग्रुपमधले आहेत. आता कळलं का मी पहिला प्रश्न तोच का विचारला?

आणि अजून एक, पेशंटला त्याचा आकडा सांगायला काहीही हरकत नसते. कुठल्या ग्रुपला जास्त फायदा होतोय ते मधेच सांगायचं नसतं, पण त्याचं स्वतःचं तोंड मागच्या वेळी 21 होतं आणि आज 23 आहे हे त्याला सांगायलाच पाहिजे. आपण ब्लाइंडिंगच्या (कोणाला कुठला उपचार ते लपवण्याच्या) नावाखाली पेशंटशी बोलणंच बंद करतो, याचा मला खरंच संताप येतो.


जबडा_सर्जन

काकांना नमस्कार. काका एक विनंती, तोंड उघडायला लागलं तरी वर्षातून दोनदा जवळच्या डेंटिस्टला आतून दाखवत जा. पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम असलं काही दिसलं तर थांबू नका. खर्रा सोडला तरी हे बघत राहावं लागतं.


पीजी_विदर्भ

तीन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी उशीर झाला.

काकांची पोस्ट वाचून मी त्या रात्री 11 जणांची यादी काढून बसलो. एथिक्स कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना अमेंडमेंट दिली की न आलेल्यांना फोन करणार आणि चालत असेल तर त्यांच्या तालुक्याच्या ठिकाणी जाऊन मोजणार. सरांना पण सगळं सांगितलं, मला वाटलं होतं रागावतील, ते म्हणाले जा, पेट्रोलचे पैसे माझ्याकडून घे.

11 पैकी 9 जणांशी बोलणं झालं. एकजण कामासाठी पुण्याला गेलाय. एकाच्या घरी वडील गेले म्हणून राहिलं. दोघं म्हणाले कॅप्सूल दुसऱ्याला देता आणि आम्हाला नाही, आम्ही गरीब म्हणून का. हे ऐकून मी गप्पच झालो कारण चिठ्ठी काढून ग्रुप ठरतो हे मी कन्सेंटच्या वेळी सांगितलं होतं, पण सांगितलं होतं म्हणजे फॉर्म वाचून दाखवला होता. यावेळी मी त्यांच्यासमोर चिठ्ठ्या करून दाखवल्या. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी, कॅप्सूल ठेवली असती तर हे झालंच नसतं, तेही थीसिसमध्ये लिमिटेशन म्हणून लिहिलंय.

7 जणांना मोजून आलो. कॅलिपर, आरसा, टॉर्च आणि काड्यांचं पाकीट घेऊन. आता तीन रीडिंग घेतो आणि तिसरं झालं की पेशंटसमोर कार्ड धरून मागचा आकडा आणि आजचा आकडा दाखवतो. चौघांचं वाढलंय, एकाचं तेवढंच आहे. दोघांचं कमी झालंय, दोघांचाही खर्रा चालू आहे, त्यातल्या एकाच्या गालात पांढरा चट्टा दिसला, त्याला परवा बायोप्सीला बोलावलंय. डबीच्या अंगावर नाव मी आधीच लिहून ठेवलंय, ब्लॉकवाले काका.

को-पीजीबरोबर 10 पेशंट एकमेकांचं न बघता मोजले. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी दोन मिमीच्या वर फरक आला, मग डोकं टेकवायची उंची आणि दाताची कड दोघांनी एकच ठरवली, दुसऱ्या दिवशी नवीन 10 मोजले तर एकाच ठिकाणी दोनचा फरक, बाकी सगळे एकच्या आत. ताई तुम्हाला शीट मेल केलीय, आयसीसी काढून द्याल का?

आणि बिनगोळीवाले काका, तुमच्या पुतण्याला सांगा मला इथे मेसेज करायला. आमच्याकडे दर बुधवारी ओपीडी असते, नंबर लावायची गरज नाही, मी दारातच थांबतो. तुमचं तोंड किती उघडतं ते मिलिमीटरमध्ये सांगतो.


बिनगोळीवाला

बुधवारी येतो. काड्या संगं आणतो, तुमच्या त्या स्टीलच्या पट्टीसोबत लावून पाहू.